शिक्षक गेले, पालकांना कोण सांगणार?

"आई, आम्हांला गणिताला नवीन सर आले." पुण्यातील अनेक घरांत दिवाळीच्या सुट्टीनंतर हे वाक्य ऐकू येते. आधीच्या बाई कधी गेल्या, का गेल्या, मधल्या तीन आठवड्यांत वर्गावर कोण होते, याविषयी शाळेकडून चिठ्ठी आलेली नसते. मग पालकांच्या मोबाईलवरील गटांत तर्ककुतर्क सुरू होतात: बाईंना काढले म्हणे, पगार थकला म्हणे. खरे काय ते कोणासच ठाऊक नसते आणि त्यात एखाद्या निर्दोष शिक्षिकेचे नाव नाहक बदनाम होते.

आमचे म्हणणे साधे आहे. शिक्षकांचे जाणे शाळेला नेहमीच रोखता येणार नाही. मात्र ते पालकांना वेळेत सांगणे तिच्या हाती आहे.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयी महाराष्ट्रात १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली आहे. त्या नियमांप्रमाणे कायम शिक्षकाने राजीनाम्यापूर्वी तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची पूर्वसूचना द्यावयाची असते. निवृत्तीची तारीख तर कित्येक वर्षे आधीच ठाऊक असते. अचानक निघून जाणारे असतात, हे खरे. परंतु पुष्कळ वेळा शिक्षक जाणार हे कार्यालयास आधी कळलेले असते. ते पालकांपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

शिक्षक जातात त्याची कारणे बहुधा लज्जास्पद नसतात. विनाअनुदानित शाळांतील वेतन अनेक ठिकाणी तुटपुंजे आहे. २०१२ पासून राज्यातील शिक्षकभरती दीर्घकाळ थांबली होती. पुढे 'पवित्र' पोर्टलद्वारे ती सुरू झाली, तेव्हा स्थिर नोकरीची वाट पाहणाऱ्यांनी ती संधी घेतली, यात त्यांचा काय दोष? पुणे हे लष्कराचे व संगणक-उद्योगाचे शहर असल्याने पतीच्या बदलीबरोबर शिक्षिकाही शहर सोडतात. त्यात नवी अनिश्चितता आली आहे. सेवेतील ज्या शिक्षकांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपविण्याची भूमिका घेतली. आपल्या शाळांतील शिक्षकांच्या मनातही त्यामुळे चिंता उत्पन्न झाली आहे.

येथे आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपल्या शाळांतील धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्या बदल्या संस्थेच्या आदेशाने होतात. कित्येकदा जूनमध्ये शाळा उघडल्यावरच नवे मुख्याध्यापक आल्याचे पालकांना समजते. आज्ञाधारकता हे आमचे व्रत आहे, पालकांचे नव्हे. त्यांना ती बातमी आदेश निघताच मिळावयास हवी.

कायदा याबाबत अपुरा आहे. सीबीएसईशी संलग्न शाळांना आपली शिक्षकसंख्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. वर्षभरात किती जण सोडून गेले, हे सांगावे लागत नाही. अमेरिकेत २०१५ च्या कायद्यानुसार विशिष्ट संघीय निधी घेणाऱ्या शाळेत आवश्यक पात्रता नसलेला शिक्षक सलग चार आठवडे किंवा अधिक काळ वर्ग घेत असेल, तर तसे पालकांना कळवावे लागते. आपल्याकडे तसा नियम येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाने प्रत्येक खाजगी शाळेत पालक-शिक्षक संघ आवश्यक केला आहे. म्हणजे व्यासपीठ तयारच आहे.

तेथे तीन गोष्टी सांगाव्यात, असे आम्हांस वाटते. एक, वर्षारंभी किती शिक्षक होते आणि वर्षभरात किती गेले. त्यांत निवृत्त किती व राजीनामा दिलेले किती. चाळीसांपैकी चार जण निवृत्त होणे आणि चाळीसांपैकी दहा जणांनी राजीनामा देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन, ज्या वर्गाचे शिक्षक जाणार आहेत, त्या वर्गाच्या पालकांना आठवडाभरात लेखी सूचना: अध्यापन कोण करील, कधीपासून, त्यांची पात्रता काय. तीन, राहिलेला अभ्यासक्रम कसा पूर्ण होईल.

शिक्षकांच्या जाण्याचे वैयक्तिक कारण सांगण्याची आवश्यकता नाही. आजारपण, घरगुती अडचण, व्यवस्थापनाशी मतभेद, हे त्यांचे खाजगी आहे आणि पालकांनीही त्याचा आग्रह धरू नये. आकडे जाहीर केले तर प्रवेश घटतील, ही काही व्यवस्थापकांची भीती आम्ही जाणतो. परंतु दरवर्षी दहा राजीनामे येत असतील, तर ते झाकण्यापेक्षा वेतन व वागणूक सुधारणे हाच उपाय आहे. कर्मचाऱ्यांना न्याय्य वेतन द्यावे, हे ख्रिस्तसभेचा कायदाही मालमत्तेच्या व्यवस्थापकांस बजावतो.

मातापिता हेच मुलांचे पहिले शिक्षक, हे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात स्पष्ट केले. १९८३ च्या धर्मसंहितेतील ७९६ वे कलम शिक्षकांनी पालकांशी निकट सहकार्य करावे व त्यांचे म्हणणे आनंदाने ऐकून घ्यावे, असे सांगते. आपल्या मुलापुढे उद्या कोण उभे राहणार, हे ज्या पालकास ठाऊक नाही, तो सहकार्य कशाच्या आधारे करील?

पालक-शिक्षक संघाच्या पुढील सभेत आपल्यापैकी एकाने तरी उठून हा प्रश्न नम्रपणे विचारावा आणि आमच्या मुख्याध्यापकांनी त्याचे उत्तर आकड्यांसह द्यावे, ही आमची विनंती आहे.