स्मॉल्सच्या फलकावर खटलाही कोरा

रॉबर्ट स्मॉल्सच्या स्मृतिफलकाला आता उघड विरोध फारसा कोणी करत नाही. अमेरिकी यादवी युद्धात, १३ मे १८६२च्या पहाटे दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन बंदरातून या गुलामाने बंडखोर लष्कराचं ‘प्लँटर’ जहाज पळवलं. डोक्यावर कप्तानाची गवती टोपी, सम्टर किल्ल्यासमोर ठरलेल्या इशाऱ्याची शिटी, जहाजात बायकामुलं. चार्ल्स्टनमध्ये २०१२ साली लागलेल्या फलकाचं शीर्षकही त्या जहाजाचंच आहे. हरकत निघते ती पुढे पाच वेळा अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेल्या स्मॉल्सवर: शौर्य मान्य, पण लाचखोर ठरलेल्या पुढाऱ्याचा गौरव कशाला?

१८७७ साली छपाईच्या कंत्राटात पाच हजार डॉलर घेतल्याबद्दल कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, हे खरं. पण त्याच वर्षी वॉशिंग्टनने राज्याच्या राजधानीतल्या, कोलंबियाच्या विधानभवनातून सैन्य काढून घेतलं होतं आणि राज्य गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हाती गेलं होतं. मुख्य साक्षीदार स्वतःच छपाईच्या त्या पैशांत बरबटलेला. शिवाय १८७९ची माफी पाहा. निवडणुकीतल्या गैरप्रकारांबद्दल त्याच वर्चस्ववाद्यांच्या पक्षातल्या डेमोक्रॅटांवर भरलेले खटले केंद्राने सोडायचे, त्या बदल्यात स्मॉल्सला माफी! राज्यकर्त्यांना लाचेची खरोखर चीड असती, तर तिचा असा सौदा झाला असता का? म्हणून माझं म्हणणं, खटला झाकू नका. सौद्यासकट कोरा.

आणि त्याचं खरं काम त्याहून ठळक कोरा. लहानपणी अक्षरओळख नाकारल्या गेलेल्या या माणसाने राज्याच्या १८६८च्या घटनापरिषदेत सगळ्या मुलांसाठी मोफत, सक्तीच्या शाळांचा आग्रह धरला. त्याच काळात, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. शाळेचं मोल दोघांनी सारखंच ओळखलं होतं.

१८९५ मध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा पुढारी बेन टिलमनच्या पुढाकाराने राज्याची नवी घटना आली. घटनेचं कलम वाचून किंवा समजावून दाखवा, गोऱ्या अधिकाऱ्याचं समाधान झालं तरच मत! स्मॉल्सने भर परिषदेत विरोध केला आणि त्या घटनेवर सही नाकारली. टिलमनचा पुतळा १९४० पासून विधानभवनाच्या आवारात उभा आहे. स्मॉल्सच्या पुतळ्याचा कायदा व्हायला २०२४ उजाडलं. त्याच्या चौथऱ्यावर नुसतं जहाज चालणार नाही. १८६८ची शाळा, १८७७चा खटला आणि नाकारलेली ती सही, तिन्ही तिथे हवीत.