सिस्टरला उत्तर नको, गणित हवं

आमच्या बारामतीत उसाला एआय मिळालं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला सोबत घेतलं. उपग्रह, जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र हे सगळं जोडून शेतकऱ्याच्या फोनवर सल्ला यायला लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सत्या नाडेलांनी त्याचं जाहीर कौतुक केलं, इलॉन मस्कनं त्यावर एक ओळ लिहिली, आणि सांगवीतल्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही आलं नाही. मलाही त्या प्रयोगाचं कौतुक आहे. भांडण आहे ते त्यानंतर माझ्याच धंद्यातल्या लोकांना सुटलेल्या हावेशी. उसाला चाललं ना, मग तेच उचलून नर्सिंगला लावू.

म्हणजे काय, तर सिस्टरनं औषधाच्या लेबलचा फोटो काढायचा, पेशंटचं वजन टाकायचं, ॲप सांगेल किती एमएल भरायचं. मुलींना डोसचं गणित शिकवायची कटकटच मिटली. हे मी चहाच्या टपरीवर ऐकलंय आणि मीटिंगमध्येही ऐकलंय, आणि सांगणारी माणसं हुशार होती.

उसाचा सल्ला चुकला तर एखादं पाणी जास्त जातं, पुढच्या पाळीला सावरता येतं. सिरिंज रिकामी झाली की सावरायला काही उरत नाही. पण माझा मुद्दा नुसता जिवाच्या भीतीचा नाही. हे लोक जी अडचण सोडवायला निघालेत, ती अडचणच तिथं नाही.

डोसच्या गणितात भागाकार हा सगळ्यात सोपा भाग असतो. हवा असलेला डोस, भागिले हाताशी असलेली ताकद, गुणिले ती ज्या द्रवात आहे ते एमएल. यासाठी एआय कशाला, शंभर रुपयांचा कॅल्क्युलेटर पुरतो. चूक होते ती कॅल्क्युलेटरला हात लागण्याआधी, गणित मांडताना.

नवजात बाळाला जंतुसंसर्गाची शंका आहे आणि मोठ्या दवाखान्यात नेणं शक्य नाही, अशा ठरावीक परिस्थितीत एएनएमनं जेंटामायसिन द्यावं, अशा केंद्राच्या सूचना २०१४ पासून आहेत. बाळ २.४ किलोचं, किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ मिलिग्रॅम. ॲम्प्यूलवर लिहिलंय ८० मिलिग्रॅम, २ एमएल. उत्तर ०.३ एमएल. आता एखादी मुलगी ०.१५ म्हणाली, तर तिला भागाकार येत नाही असं नाही. तिनं ८० हा आकडा एका एमएलचा धरला. दुसरी ३ म्हणाली, तर तिचं दशांशचिन्ह घसरलं. पण ३ एमएलसाठी दुसरी ॲम्प्यूल फोडावी लागेल. अडीच किलोच्याही आतल्या बाळासाठी दुसरी ॲम्प्यूल फोडताना हात थांबला पाहिजे. हे थांबणं शिकवायचं असतं. भिंतीवर डोसचा तक्ता असतो, मान्य. पण तो ज्या ॲम्प्यूलसाठी लिहिलाय तीच हातात आहे का, हे तक्ता सांगत नाही. बाजारात २० मिलिग्रॅमचीही मिळते, तीही २ एमएलचीच.

किंवा इन्सुलिन घ्या, ते तर गावात घरोघरी आहे. आपल्याकडे कुपीत साधारण एका एमएलला ४० युनिट असतात, पेनमध्ये १००. सिरिंजही वेगळ्या, लाल टोपणाची चाळीसची, नारिंगी टोपणाची शंभरची. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात पन्नास युनिट. अडीचपट. इथं कुणी काही मोजायलाच बसलेलं नसतं. रेघ बघितली, ओढलं, टोचलं.

गरीब देश, अपुरं शिक्षण, म्हणून असं होतं, असंही समजू नका. २००७ मध्ये हॉलिवूडचा नट डेनिस क्वेड याच्या नवजात जुळ्यांना लॉस एंजेलिसमधल्या नामांकित हॉस्पिटलात हेपॅरिनचा हजारपट डोस गेला, तोही दोनदा. एमएलला १० युनिटच्या जागी १०,०००. दोन्ही लेबलं निळ्या रंगाची होती. मुलं वाचली. तिथंही भागाकार कुणाचा चुकला नव्हता.

फोटो काढणारं ॲप लेबल बरोबर वाचेल की, असं तुम्ही म्हणाल. बहुतेक वेळा वाचेल, आणि गोची तिथंच आहे. शंभरदा बरोबर आलेल्या उत्तरावर एकशे एकाव्या वेळी कोण शंका घेईल? जिला स्वतःला गणित मांडता येतं तीच घेईल, म्हणजे जिला शिकवायची कटकट तुम्ही मिटवलीत ती. मग स्क्रीनच्या तळाला बारीक अक्षरात येणारच, ‘खात्री करून घ्या’. ही ओळ आमच्या धंद्यात लिहिली जाते ती पेशंटसाठी नाही, कंपनीच्या वकिलासाठी. चूक झाली तर निलंबन सिस्टरचं होतं. ॲपला फक्त अपडेट येतं.

दुसऱ्या बाजूलाही मी सोडणार नाही. माझी चुलत बहीण जीएनएम करते. अकरावी-बारावी कला शाखेतून, गणित दहावीलाच सुटलेलं. नियमानं त्यात गैर काही नाही. पण तिच्या वर्गात फॉर्म्युला फळ्यावर इंग्रजीत लिहून दिला जातो, पाठ करून घेतला जातो, आणि ज्या मुलीनं ‘हे भागिले का?’ विचारलं तिला ‘दहावी पास कशी झालीस’ हे उत्तर मिळतं. त्यानंतर वर्गात कुणी काही विचारत नाही. मोबाईलला बंदी. परीक्षेत तीच तीन गणितं, आकडे बदलून.

एआयचा खरा उपयोग इथं आहे, होस्टेलच्या खाटेवर, रात्री दहा वाजता. त्याला एकच गोष्ट विसाव्यांदा विचारली तरी ते वैतागत नाही. उत्तर ०.१५ आलं की मागं जाऊन विचारू शकतं, ‘८० मिलिग्रॅम किती एमएलमध्ये आहेत? लेबल परत वाच.’ हे मराठीत विचारू शकतं. आपल्या भाषेत या गणिताला लागणारे शब्द तयार आहेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. जुन्या शाळेत पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी पाठ असायची. आजोबांना विचारून बघा. जिला ‘शून्य दशांश सात पाच’ ऐकून घाम फुटतो, तिला पाऊण लगेच कळतं.

पण आज फोनमध्ये जो चॅटबॉट आहे, तो तसाच तिच्या हातात देऊ नका. तो मुळात पुढचा शब्द कुठला याचा अंदाज बांधतो, आणि त्याला हांजी हांजी करायची खोड आहे. ‘नाही, ०.१५ च बरोबर’ असं जरा ठासून सांगितलं, की बऱ्याचदा माफी मागून मान डोलावतो. औषधाच्या मास्तरानं माफी मागून चुकीच्या उत्तराला हो म्हणणं, यापेक्षा फळ्यावरचा फॉर्म्युला परवडला. म्हणून बरोबर उत्तर साध्या कोडनं काढून कुलपात ठेवायचं, आणि कुठली गफलत केली की कुठला चुकीचा आकडा येतो तेही आधीच काढून ठेवायचं. भाषेच्या मॉडेलनं फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर ठरवायचा अधिकार त्याला द्यायचा नाही. बोलून उत्तर घ्यायचं असेल तर ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ त्याला नीट ऐकू येतात का, हे आधी तपासा. लिहायचं असेल तर देवनागरी १ आणि इंग्रजी ९ किती सारखे दिसतात तेही बघा.

आणि मेहेरबानी करून त्याचा डॅशबोर्ड करू नका. एएनएम सिस्टरच्या टॅबमध्ये ‘अनमोल’ आहे, लसीकरणाचं यू-विन आहे, वर कागदी रजिस्टर आहेच. त्यात ‘डोस प्रशिक्षण ८७ टक्के पूर्ण’ असं आणखी एक लाल-हिरवं वर्तुळ आलं, की सिस्टर रात्री घरी बसून बटणं दाबतील, आणि त्यांनी तसं केलं तर मी त्यांना दोष देणार नाही. सराव ड्युटीच्या वेळेत हवा. चुकलेली उत्तरं तिच्या वरिष्ठांना दिसता कामा नयेत, नाहीतर त्या वर्गातल्यासारखं इथंही कुणी काही विचारणार नाही.

सुरुवातीला लागणारं सामान बारामती-इंदापुरात पडून आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने पेटले की ऊसतोड कामगारांच्या खोप्या पडतात, आणि आरोग्य केंद्रात तापानं फणफणलेली पोरं येतात, ज्यांचं वजन आईला माहीत नसतं. त्यांच्यासाठी फडताळातून निघणारं पॅरासिटामॉल कधी ५ एमएलला १२५ मिलिग्रॅमचं असतं, कधी २५० चं, आणि ड्रॉप्स असतील तर एका एमएललाच १००. त्या रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवा. लेबलांचे फोटो काढा, चुरगळलेले, अर्धे फाटलेलेसुद्धा. जुन्या सिस्टरला शेजारी बसवून प्रत्येक बाटलीवर नवी मुलगी कुठं फसते ते विचारा आणि लिहून घ्या, आणि त्या बसण्याचे तिला पैसे द्या. कोड मी लिहितो, शनिवार-रविवारी.