माजघरांतील संगणक

“घरांत एक संगणक घ्यावयाचा आहे. आवाज न करणारा असावा, फार महाग नसावा, मुलांना थोडेंसें खेळतां यावें आणि थोरांना बँकेचे व पत्रव्यवहाराचे काम करतां यावें. कोणता घ्यावा?” अशा आशयाचीं पत्रें गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे वारंवार आलीं. पत्रलेखकांना एखादें नांव हवें असतें. तें कागदावर उतरून दुकानीं जावें कीं काम झालें! परंतु यंत्रांचीं नांवें वर्षावर्षाला पालटतात. म्हणून नांवापेक्षां तीं पारखण्याची रीत सांगावी, आणि तीहि आमच्याच घरीं झालेल्या चुकीवरून सांगावी, असें आम्हीं ठरविलें आहे.

आमचें घर दर्यापुरास, जुन्या धाटणीचें. पुढें ओसरी, मध्यें माजघर, मागें स्वयंपाकघर व देवघर, आणि वर जिन्याच्या टोकाशीं एक माडी. माणसें अकरा. २०२२ च्या जूनमध्यें धाकट्या बंधूंचा मुलगा आठवींत गेला, तेव्हां त्याच्यासाठीं आणि घराच्या एकंदर उपयोगासाठीं संगणक घ्यावा असें ठरलें. आम्हीं एका मोठ्या शहरांतल्या दुकानांतून तो जुळवून आणला. पेटीला कांच होती, कांचेआड रंगीत दिव्यांचे तीन पंखे फिरत होते, आणि तें पाहून मुलें तर हरखलींच, पण खरें सांगावयाचें तर आम्हीहि हरखलों.

पहिल्याच रात्रीं वडिलांची झोप मोडली. ते माजघरांत निजतात व त्यांची झोप फार सावध. “बापू, हें जिनिंगचें इंजिन थोडा वेळ बंद ठेवतोस का रे?” असें त्यांनीं नातवाला विचारलें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. आठवडाभर कुरबूर चालली, आणि शेवटीं आम्हीं यंत्राची पाठवणी माडीवर केली. वादाचा चांगला निकाल लावला असें आम्हांस त्या वेळीं वाटलें. यंत्रापाठोपाठ मुलगाहि वर गेला, हें मात्र आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

त्याचें कांहीं बिघडलें असें म्हणतां येणार नाहीं. परीक्षेंत गुण ठीक पडत होते. परंतु जेवावयास तीनतीनदां हांका माराव्या लागत, आणि पुढें पुढें त्याची मोठी आईच ताट घेऊन जिना चढूं लागली. माजघरांतल्या बोलण्यांत तो नसे, हंसण्यांत नसे. २०२३ च्या हिंवाळ्यांत एके रात्रीं आमच्या मातोश्रींना भोवळ आली. धांवपळ झाली, गाडी आली, त्यांना अमरावतीस नेलें. मुलगा माडीवर कानांला हेडफोन लावून बसला होता. त्याला हें सकाळीं कळलें. “मला हांक कां मारली नाहीं?” असें तो रडत विचारूं लागला. मोठी आई म्हणाली, “मारली रे राजा, तीन वेळां मारली.”

मातोश्री चार दिवसांनीं सुखरूप परत आल्या. परंतु यंत्र खालीं आणावयाचें, हें त्याच दिवशीं आम्हीं ठरविलें. आणि खालीं आणावयाचें तर तें मुकें केलें पाहिजे, हें ओघानेंच आलें. स्वतंत्र खोल्यांच्या घरांत संगणकाचा आवाज ही एकाची अडचण असते. आमच्यासारख्या घरांत मुलानें कोठें बसावें याचा निकालच त्या आवाजावर लागतो.

गांवांतल्या एका जाणत्या तरुणाला बोलावून पेटी उघडविली. आवाज तीन ठिकाणांहून येत होता. पहिलें ठिकाण निराळें बसविलेलें ग्राफिक कार्ड. त्याचा टीचभर पंखा किंचाळत असे. मौज अशी कीं, आमच्या प्रोसेसरमध्यें चित्रें रंगविण्याची शक्ति मूळचीच होती, आणि दुकानदारानें वरून भरीस घातलेलें तें जुनें कार्ड तिच्याहूनहि दुबळें होतें. आम्हीं पैसे देऊन आवाज विकत घेतला आणि वेग गमावला! दुसरें ठिकाण फिरती हार्ड डिस्क. तिसरें ते रंगीत पंखे, जे काम असो वा नसो, पुऱ्या वेगानें फिरत.

कार्ड काढून टाकलें. फिरत्या डिस्कच्या जागीं एसएसडी घातली. तिच्यांत हलणारा असा एकहि भाग नसल्यानें ती आवाज करूंच शकत नाहीं, आणि संगणक सुरू होण्यास लागणारा वेळहि पुष्कळ कमी होतो. तीन पंख्यांपैकीं एक काढला व उरलेल्यांची गति बायोसमधून उतरविली. पंख्याचें गणित वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. गति निम्मी केली तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारें १५ डेसिबलनीं खालीं येतो. आणि १० डेसिबल उतरले म्हणजे कानाला तो आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. म्हणून लहान पंखा जोरानें फिरविण्यापेक्षां १२० मिलिमीटरचा मोठा पंखा संथ फिरविणें केव्हांहि चांगलें. या साऱ्या खटाटोपाचा खर्च मूळ किंमतीच्या मानानें अगदीं थोडा आला.

आतां नव्यानें घेणाऱ्यांनीं काय पहावें तें सांगतों. घरगुती काम आणि हलके खेळ एवढीच गरज असेल तर निराळें ग्राफिक कार्ड घेऊंच नये. ज्याच्या पोटांतच चांगली चित्रशक्ति आहे असा प्रोसेसर घ्यावा. एएमडीचा २०२१ सालचा रायझन ५ ५६००जी हा या जातीचा नमुना होय. २०२४ च्या आरंभीं आलेला ८६००जी त्याहून सरस, पण त्याला डीडीआर५ जातीची महाग रॅम लागते. दोहोंचें ठरीव वीजमान ६५ वॉट. थोडी वीज म्हणजे थोडी उष्णता, आणि थोडी उष्णता म्हणजे थोडा वारा. शांततेचें मूळ हेंच आहे. इंटेलचा आय३-१२१०० कचेरीच्या व अभ्यासाच्या कामास उत्तम, परंतु खेळांच्या बाबतींत त्याची अंगची चित्रशक्ति वरील दोहोंपेक्षां उणी पडते. त्याच प्रोसेसरचा ‘एफ’ अक्षर लावलेला प्रकार थोडा स्वस्त मिळतो; त्यांत चित्रशक्ति मुळींच नसते, हें दुकानीं विसरूं नये.

रॅम १६ जीबी असावी, आणि ती एका पट्टीनें न घेतां ८ जीबीच्या दोन पट्ट्यांनीं घ्यावी. पोटांतली चित्रशक्ति आपली स्मृति मुख्य रॅममधूनच उसनी घेते. पट्टी एक असली म्हणजे एकच वाट, दोन असल्या म्हणजे दोन वाटा. खेळांत हा फरक डोळ्यांना दिसतो. आमच्या यंत्रांत एकच पट्टी होती. दुसरी बसविल्यावर मुलाचे अडखळणारे खेळ सुरळीत चालूं लागले. एसएमपीएस नामांकित व ४५० वॉटच्या आसपासचा पुरे. पण पेटीसोबत फुकट मिळणारा मात्र कधीं घेऊं नये. पेटीला कांच व दिवे नसले तरी चालेल. पुढें जाळी आणि काढून धुतां येईल अशी धुळीची गाळणी मात्र हवी.

गाळणीचा हा आग्रह आमच्या वऱ्हाडांत विशेष. काळ्या मातीची मऊ धूळ आणि कापसाच्या हंगामांतले उडते तंतू यांचा पंख्याच्या पात्यांवर व हीटसिंकवर नमदा बसतो; मग वारा अडतो, आणि बिचारा पंखा अधिकच ओरडूं लागतो. कालपर्यंत मुका असलेला संगणक आज गरजूं लागला तर बहुधा दोष धुळीचाच असतो. आमच्या घरीं आतां खंडेनवमीला यंत्रपूजेच्या आधीं, आणि पुन्हां होळीच्या सुमारास, पेटी उघडून मऊ कुंचल्यानें साफ करण्याचा परिपाठ आहे.

वैशाखांत येथें पारा ४५ अंशांवर जातो. अशा हवेंत मुळींच पंखा नसलेलीं यंत्रें घेऊं नयेत, असें आमचें मत आहे. थंड देशांत तीं शोभतात. येथें तीं तापून आपली गति आपणच उतरवितात. कोणी म्हणेल, उन्हाळ्यांत कूलरच्या घरघरींत संगणकाचा आवाज ऐकतो कोण? खरें आहे. परंतु कूलर बंद असतो ते सात-आठ महिने उरतातच, आणि अभ्यासाच्या रात्री त्यांतच येतात. शिवाय कूलरच्या झोतांत संगणक ठेवणें अत्यंत वाईट. आपला भाग पूर्णेकांठच्या खारपाणपट्ट्यांतला. विहिरीच्या पाण्यानें कूलरच्या वाळ्यावर पांढरे थर चढतात, हें सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. तोच ओला खार यंत्राच्या पोटांत जाऊं देऊं नये. भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून उंच आणि कूलरच्या वाऱ्याबाहेर, अशी त्याची जागा असावी.

विजेच्या बाबतींत दोन गोष्टी. घरांतली अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावी, आणि ६०० व्हीएचा साधा यूपीएस जोडावा. असें यंत्र खेळतांनाहि साधारण शंभर वॉटच्या आसपासच वीज घेतें. तेव्हां वीज गेल्यावर काम आवरून नीट बंद करण्यापुरता अवधि मिळतो. खर्चाचा हिशेबहि सोपा आहे: तीन तास चालविलें तर ०.३ युनिट.

किंमतीविषयीं बोलावयाचें तर २०२४ सालीं वर सांगितल्यासारखें ५६००जीचें यंत्र पडदा सोडून सुमारें तीस हजारांत जुळत असे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांनीं स्मृतीची एवढी मागणी केली कीं रॅमचे भाव एकाएकीं चढले. म्हणून जुन्या आंकड्यांवर विसंबून न राहतां प्रत्येक भागाचा भाव निरनिराळा लिहून मागावा, अमरावतीस व अकोल्यास दोन्हीकडे विचारावा, आणि पक्कें बिल घ्यावें. घरांत जुन्या यंत्राची डीडीआर४ रॅम पडलेली असेल तर ती आधीं तपासावी.

हात आंखडता असेल तर दुसरा मार्ग आहे. मोठ्या कचेऱ्यांतून निघालेले, तपासून विकले जाणारे लहान संगणक मिळतात. कांहीं तर पोथीच्या पेटीएवढे असतात. यांतले पुष्कळ फारच शांत असतात, कारण शेंकडों माणसांच्या दालनांत बसण्यासाठींच ते घडविलेले. मात्र एक गोष्ट पहावी. विंडोज १० ची सामान्य मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ साठीं इंटेलचा बहुतेक आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर लागतो. त्याहून जुनें यंत्र स्वस्त मिळालें तर त्यावर लिनक्स घालून लेखन-वाचन उत्तम होतें. परंतु मुलांचे सर्व खेळ त्यावर चालतीलच असें नाहीं.

खेळांविषयीं थोरांच्या मनांत जी धास्ती असते, तिच्यासंबंधींहि दोन शब्द. बुद्धिबळाला तर कोणतेंहि यंत्र पुरतें. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें जुलै २०२५ मध्यें महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडे संध्याकाळीं पटावरचा आणि पडद्यावरचा असा दुहेरी डाव चालतो. माइनक्राफ्ट, स्टारड्यू व्हॅली, एज ऑफ एम्पायर्स यांसारखे खेळ या यंत्रांवर सुखानें चालतात. पैसे लावून खेळावयाच्या खेळांना मात्र केंद्र सरकारनें ऑगस्ट २०२५ मध्यें कायदा करून बंदी घातली, हें घरांतल्या सर्वांनाच ठाऊक असावें. त्यापलीकडे आमच्या घरीं नियम एकच आहे: यंत्र माजघरांत राहील, आणि हेडफोन एकाच कानाला लागेल.

हें यंत्र कांहीं परक्या मुलखांतून येऊन आपल्यावर कोसळलेलें आहे असेंहि मानूं नये. अमेरिकेनें महासंगणक देण्यास नकार दिल्यावर पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ उभा केला. त्या कार्याचे धुरीण डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ सालीं आपल्या शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यांतल्या मुरंबा या खेड्यांत झाला. वडिलांना ही हकीकत सांगितली तेव्हांपासून यंत्राविषयींची त्यांची अढी थोडी कमी झाली. आतां ते नातवाच्या शेजारीं बसून एकेक अक्षर शोधीत पत्रें लिहितात.

परवां रात्रीं आम्ही उशिरा घरीं आलों. वडील निजले होते. मातोश्री खाटेवर जप करीत होत्या, आणि पलीकडे मुलगा पडद्यापुढें कांहींतरी लिहीत होता. यंत्र चालू आहे कीं बंद, हें पडद्याच्या उजेडावरूनच कळत होतें. मातोश्रींनीं पाणी मागितलें, हळूच मागितलें. मुलगा उठला आणि त्यानें तांब्या आणून दिला.

संगणकाच्या पडद्याचा आकार, त्याची उंची व मुलांचे डोळे यांविषयीं पुष्कळ भगिनींनीं विचारिलें आहे. त्याचा विचार पुढील अंकीं करूं.