पहिला दिवा कोणाच्या घरात?

गोकाकचा धबधबा पाहिला नाही असा माणूस आमच्या संकेश्वर-निपाणी भागात विरळा. घटप्रभा नदी तेथे सुमारे ५२ मीटर खाली झेप घेते. काठावर १८८५ साली स्थापन झालेली सूतगिरणी आहे. प्रपाताच्या पाण्याचा जोर वापरून सूत कातायचे, या हेतूनेच ती त्या कड्यावर उभारली गेली. १८८७ साली येथेच आशिया खंडातील पहिली वीज निर्माण झाली, असे प्रवाशांच्या माहितीपुस्तिकांपासून गॅदरिंगमधील भाषणांपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. आम्हीही कित्येक वर्षे वर्गात ते मोठ्या अभिमानाने सांगत आलो.

यंदाच्या विज्ञान दिनी सातवीतील एका मुलीने याच विषयावर तक्ता केला. मधोमध प्रपात, खाली ठळक अक्षरांत ‘१८८७’. आम्ही पाठ थोपटली, तोच तिने विचारले, ‘‘सर, मग १८८७ साली आमच्या पणजीच्या घरात दिवा होता काय?’’ पोरीचे घर धबधब्यापासून तासाभराच्या वाटेवर. ‘‘नव्हता,’’ आम्ही म्हणालो. ‘‘मग वीज आली कुणाला?’’ या प्रश्नाला त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते.

एम. ए. मराठीला केले, तरी इतिहासाची गोडी आम्हांस जुनीच. घरी येऊन एक ग्रंथ पुन्हा काढला. थॉमस ह्यूज या अमेरिकन इतिहासकाराचा ‘नेटवर्क्स ऑफ पॉवर’ हा ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. शिकागो, लंडन आणि बर्लिन या तीन शहरांत वीज कशी रुजली, याचा त्यांनी कसून शोध घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दिव्याचा शोध म्हणजे विजेचा इतिहास नव्हे. एडिसनने बल्बची तार शोधताना तांब्याचा भाव आणि गॅसच्या दिव्याचा दर यांचाही हिशेब मांडला होता. १८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये त्याने वीजकेंद्र सुरू केले, तेव्हा जनित्रापासून जमिनीखालच्या तारा, मीटर आणि बिलापर्यंत सारी व्यवस्था त्याने उभी केली होती. वीज म्हणजे ही सगळी व्यवस्था. तिचा एक दुवा निसटला तर दिवा लागत नाही.

हे वाचल्यावर आमच्या ध्यानात आले, की ‘पहिली वीज’ या दोन शब्दांत आपण तीन निरनिराळ्या गोष्टींची मोट बांधतो. पाण्याने चाक फिरणे ही एक. त्या चाकावर जनित्र फिरून वीज निर्माण होणे ही दुसरी. आणि ती वीज रस्त्यावर, लोकांच्या घरी पोहोचणे ही तिसरी. एकोणिसाव्या शतकात पाण्याची शक्ती विजेवाचूनही दूर नेली जात असे. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझन येथे १८६६ पासून ऱ्हाइन नदीची शक्ती तारेच्या दोरांवरून कारखान्यांपर्यंत जात होती. तेव्हा पाण्यावर गिरणी चालली एवढ्यावरून तेथे वीज होती असे ठरत नाही. उलट अमेरिकेतील ॲपलटन येथे १८८२ सालीच जलविद्युत केंद्र चालू झाले होते, म्हणून १८८७ साली आपल्याकडे वीज अशक्य होती असेही नाही. निकाल द्यायचा तर जनित्राची खरेदी, त्यावरची निर्मात्याची पाटी, कंपनीचे त्या सालचे अहवाल असे कागद हवेत. इतिहासकार अभिमानाचा शत्रू नसतो. ‘पहिले म्हणजे नक्की कशात पहिले?’ एवढेच तो विचारतो.

तिसऱ्या अर्थाने पाहिले, तर भारतातील पहिला मान सामान्यतः दार्जिलिंगला दिला जातो. तेथील सिद्रापोंग केंद्र १० नोव्हेंबर १८९७ रोजी सुरू झाले आणि नगराचे रस्ते उजळले. पुढे आपल्या कर्नाटकात १९०२ साली शिवनसमुद्रची वीज तयार झाली. पण ती प्रथम गेली दीडशे किलोमीटरांच्या आसपास अंतरावरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे आले १९०५ मध्ये. म्हणजे आधी खाण, मग शहर, आणि गावाची पाळी शेवटी.

आमच्या तालुक्याची पाळी कशी आली, तीही कथा ऐकण्याजोगी आहे. १९६९ साली हुक्केरी ग्रामीण विद्युत सहकारी संघ स्थापन झाला. देशात त्या सुमारास प्रयोग म्हणून निघालेल्या पहिल्या पाच वीज सहकारी संस्थांपैकी हा एक. नगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा हा दुसरा. ग्राहक तोच सभासद, अशी ही रचना. १८८७ आणि १९६९ यांमध्ये ब्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. सातवीतल्या मुलीचा प्रश्न नेमका या ब्याऐंशी वर्षांविषयी होता, आणि आमचा अभिमान त्यावरून उडी मारून जात होता.

येथे एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी तपासणीच्या धामधुमीत शाळेची अडगळीची खोली आम्ही रिकामी केली आणि जुनी दप्तरे रद्दीत घातली. शाळेला वीजजोडणी मिळाल्याचा पत्रव्यवहार त्यांतच होता, असे शिपाईमामांनी मागाहून सांगितले. जे कागद गोकाकच्या बाबतीत आम्ही मागतो आहोत, तसलेच कागद आम्ही स्वतःच्या हातांनी वजनावर विकले! तेव्हा दोष कोणाला देणार?

त्या मुलीने मात्र आमच्यावर ताण केली. तिने आजीला विचारले, ‘‘आपल्या घरात दिवा कधी आला?’’ आजीला साल कुठले आठवायला? ‘‘तुझ्या थोरल्या आत्तीच्या लग्नाच्या आदल्या साली. लग्नात कंदील उसने आणावे लागले न्हाईत,’’ एवढेच ती म्हणाली. पोरीने ट्रंकेतून लग्नपत्रिका शोधून काढली. तिच्यावर साल होते १९७४. म्हणजे दिवा १९७३ चा. साक्षीदार, खूण आणि कागद. इतिहास संशोधन याहून वेगळे काय असते?

तक्त्यावर आता दोन साले आहेत. वर ‘१८८७ : प्रपाताचे पाणी आणि गिरणी’, खाली ‘१९७३ : आमच्या घरातील पहिला दिवा’. आणि दोहोंच्या मधली जागा तिने कोरीच ठेवली आहे.

वाचकहो, आपण इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला वा हुबळीला. घरात एखादी वृद्ध आजी-आत्या असेल, तर आजच तिला विचारा. ती सांगेल ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. आणि दिवाळीच्या साफसफाईत जुने कागद रद्दीत देण्यापूर्वी एकवार उलटून पाहा. आमच्या हातून झाली ती चूक आपल्या हातून न होवो.