मांजर परक्या घरी ठेवताना



या सदरात आपण गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्याविषयी नेहमी बोलतो. मांजराची आठवण आपल्याला उंदरांनी कणगी फोडल्यावरच होते. पण चिपळूणकडच्या एका आजीबाईंचे पत्र आले आहे, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे.

त्यांचा मुलगा, सून आणि नात नवी मुंबईत जुईनगरला राहतात. त्यांच्याकडचे मांजर आजीबाईंच्याच चुलीमागे जन्मलेले, पिल्लू असताना तिकडे नेलेले. गेल्या गणपतीत मंडळींनी ते टोपलीत घालून गावी आणले. टोपली उघडली मात्र, मांजर पडवीतून जे पळाले ते चार दिवस सापडले नाही. नातीने मोदकाला हात लावला नाही. यंदा मुलगा म्हणतो, मांजर तिकडेच 'बोर्डिंग'मध्ये ठेवू. आजीबाई विचारतात, "पैसे देऊन मांजर सांभाळायला ठेवतात हे काय नवे? आणि जगेल ना ते तिथे?"

आजीबाई, जगेल. मात्र नेऊन टाकले आणि गाडी पकडली असे करून चालणार नाही.

हे नवे नाही असेही म्हणवत नाही. सिडकोने 1970 नंतर ठाणे, पनवेल, उरणकडच्या 95 गावांच्या जमिनी घेतल्या, तेव्हा त्या पट्ट्यात भातखाचरे आणि मिठागरे होती. त्या भाताची राखण करणारी मांजरे घरात येत-जात. आता सानपाडा आणि नेरूळ या स्टेशनांच्या मधल्या जुईनगरात मांजर चौथ्या मजल्यावर दाराआड राहते. घराला कुलूप लागले की त्याला शेजारची पडवी नाही. म्हणून ही बोर्डिंगची सोय.

तुम्ही बाजारातून म्हैस आणता. पहिले दोन-चार दिवस ती पान्हा चोरते, वैरण हुंगते आणि तोंड फिरवते. जाणता माणूस काय करतो? विकणाऱ्याकडूनच पेंडीचे पोते आणि जुने दावे मागून घेतो. मांजराचेही तसेच आहे, फक्त ते म्हशीहून अधिक हट्टी. ते दाराच्या चौकटीला, खाटेच्या पायाला, तुमच्या पोटरीला गाल घासते. लाडाबरोबरच ती त्याची खूणही असते. त्याच्या गालाजवळच्या ग्रंथींतून निघणारा वास ते घरभर लावून ठेवते आणि त्या वासात त्याला निर्धास्त वाटते. तो वास नसलेली जागा त्याला परकीच; मग ती त्याची जन्मभूमी का असेना. आजीबाईंकडून ते पळाले ते यामुळेच.

इथे माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा बोका आठ दिवस एका ओळखीच्या घरी ठेवायचा होता. परक्याच्या घरी मळके कसे द्यायचे म्हणून मी त्याची चादर साबणाने स्वच्छ धुऊन दिली. बोक्याने दीड दिवस अन्नाला तोंड लावले नाही. फोन आला तेव्हा माझा न धुतलेला सदरा पाठवला. त्यावर तो बसला आणि संध्याकाळी जेवला. तेव्हा चादर धुऊ नका. लोकलाजेपेक्षा मांजराचे पोट मोठे.

अन्नही घरचेच, त्याच सवयीचे द्यावे. नेण्याची टोपली किंवा पेटी आठ-पंधरा दिवस आधी घरात उघडी ठेवावी, आत त्याचे फडके आणि एखादा घास ठेवावा. आयत्या वेळी कोंबले तर टोपली म्हणजे संकट असे त्याच्या मनात बसते. आणि जमल्यास महिनाभर आधी एकच रात्र तिथे ठेवून पाहावे. दुसऱ्या खेपेला जागा ओळखीची होते.

जागा आधी स्वतः पाहून यावी. कुत्री समोर बांधलेली नकोत, दोन घरांची मांजरे एका खोलीत सोडलेली नकोत. गणपतीत अर्धे कोकण गावी जाते, त्यामुळे तिथे गर्दी होणार. लसीचा दाखला न मागता मांजर ठेवून घेणाऱ्याकडे मी तरी ठेवणार नाही. रेबीजची लस आणि मांजरांच्या सर्दी-जुलाबाच्या साथींची लस निघण्याच्या निदान दोन-तीन आठवडे आधी टोचलेली हवी. पहिल्यांदाच टोचत असाल तर दुसरा डोस लागतो, म्हणजे त्याहून आधी सुरुवात करावी. ढोल-ताशे आणि फटाके यांपासून दूरची, मागली खोली मागून घ्यावी.

आणखी एक फुकटची वस्तू न्यावी, रिकामे खोके. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोकी दिली, काहींना दिली नाहीत. 2014 साली त्यांनी प्रसिद्ध केले की खोकेवाली मांजरे लवकर निवळली. लपलेले मांजर ओढून बाहेर काढू नये. ते आपणहून येते, बहुधा रात्री.

आता खरी काळजीची गोष्ट. माणूस एकादशी करतो, मांजराला उपास सोसत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि त्यात मांजर दगावू शकते. लठ्ठ मांजराला धोका अधिक. म्हणून सांभाळणाऱ्याला बजावून सांगावे, "एक दिवस खाल्ले नाही तर फोन करा, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा." बोका असेल तर आणखी एक. तो वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये, त्याच घटकेला दवाखाना गाठावा. तापावरची माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासारखी आहे, हेही सांगून ठेवावे. डॉक्टरांचा आणि आपला फोन नंबर कागदावर लिहून द्यावा.

तुम्ही वारीला किंवा लेकीच्या बाळंतपणाला निघालात तर तुमच्या गावच्या मांजराला बोर्डिंगची गरज नाही. सारे शिवार हिंडणारे मांजर पिंजऱ्यात घुसमटते. ते घरीच राहू द्यावे, शेजारणीला दोन वेळचे अन्नपाणी घालायला सांगावे, आणि गेल्या-आल्याचे लक्ष ठेवायला सांगावे.

आजीबाई, नातीला एवढे कळवा: परत आणल्यावर मांजर दिवसभर पाठ फिरवून बसले तर ते रुसले असे समजून त्याला सारखे उचलून घेऊ नको. अंगाला लागलेला परका वास चाटून काढायला त्याला वेळ लागतो. तोवर खिडक्या लावून घ्या आणि ताटली नेहमीच्या कोपऱ्यात ठेवा.