जगवणाऱ्याचे दुसरे काम

१९९७ मध्ये येल विद्यापीठात दारियो अल्तिएरी यांच्या गटाने एका प्रथिनाचे नाव ठेवले सर्व्हायव्हिन, म्हणजे तगवणारे. निरोगी प्रौढ ऊतींत ते फारसे दिसत नव्हते, कर्करोगात मात्र भरपूर होते. ज्या पेशीने एपोप्टोसिसने, म्हणजे नियोजित मृत्यूने, मरायला हवे, तिला ते मरू देत नाही, असे मानले गेले. पुढच्याच वर्षी ते विभाजनाच्या वेळी तर्कुतंतूंवर सापडले. मरण अडवणाऱ्याचे तिथे काय काम?

२००० साली फ्रान्स आणि अमेरिकेतल्या गटांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची स्फटिकरचना उलगडली. अवघ्या १४२ अमिनो आम्लांचे हे प्रथिन. तीन सिस्टीन आणि एका हिस्टिडिनने धरून ठेवलेला जस्ताचा अणू, आणि त्या गाठीपासून बाहेर झेपावणारी लांब सर्पिल भुजा. असे दोन रेणू एकमेकांना चिकटलेले. फ्रेंच गटाने त्याला बो-टायची उपमा दिली. मला डमरू आठवतो.

त्या भुजेचे महत्त्व २००७ मध्ये कळले. बोरिअॅलिन आणि इन्सेन्प ही पेशीविभाजनात काम करणारी प्रथिने तिला तिपेडी वेणीसारखी बिलगतात. बोरिअॅलिन बसते नेमके दोन रेणूंच्या सांध्यावर, म्हणजे विभाजनाच्या या कामाच्या वेळी डमरू सुटलेला असतो! तीन वर्षांनी जस्ताच्या गाठीचेही काम उमगले. गुणसूत्रांतल्या हिस्टोन एच-३ या प्रथिनाच्या तिसऱ्या जागेवरच्या थ्रिओनिनला फॉस्फेट लागले की ही गाठ ते ओळखते आणि विभाजनासाठी लागणारे अरोरा-बी हे विकर गुणसूत्रबिंदूशी पोहोचवायला मदत करते.

म्हणूनच मला वाटते, नावावर विसंबून आपण घाई केली. सर्व्हायव्हिनची निर्मिती दाबणारे वायएम-१५५ हे औषध रुग्णांपर्यंत गेले, पण फुप्फुसाच्या कर्करोगाच्या चाचणीत नेहमीच्या औषधाला जोडून दिल्यावर जास्तीचा फायदा दिसला नाही. अपयशाची कारणे अनेक असू शकतात. पण औषधाआधी प्रथिनाचे पूर्ण काम समजून घेण्यासाठी पैसा आणि वेळ द्यायला हवा, हे मी पुन्हा सांगेन. सर्व्हायव्हिन काढून घेतले की पेशीचे विभाजन बिघडते, अनेक केंद्रकांची पेशी उरते, आणि पुष्कळदा ती मरते. ती रक्षक गेला म्हणून मेली, की विभाजन अर्धवट राहिले म्हणून?

या प्रश्नावर औषधाची वेळ, मात्रा आणि जोडीला कोणते औषध द्यायचे, हे सारे अवलंबून आहे.