आजीचा खून, आणि त्याचा हिशेब

स्वीडिश लेखिका हेलेन टुर्स्टेन यांच्या कथांमधली मॉड 88 वर्षांची आहे. गोथेनबर्गमधल्या प्रशस्त घरात ती एकटी राहते, सोयीचं नसेल तेव्हा ऐकू येत नसल्याचं दाखवते आणि आड येणाऱ्या माणसाला शांतपणे संपवते. पोलिसांना संशय आला तरी समोरच्या भांबावलेल्या म्हातारीविरुद्ध त्यांच्या हाती काही लागत नाही. म्हाताऱ्या बाईकडे कुणी नीट पाहतच नाही, हे या कथांचं मर्म आहे. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पल 1930 मध्ये कादंबरीत अवतरल्या, तेव्हा त्यांचंही बळ हेच होतं. विणकाम करत बसलेल्या बाईसमोर लोक निर्धास्त बोलत आणि ती खुनी शोधून काढी. मॉड त्याच दुर्लक्षाच्या आडोशाने खून करते.

पण या कथांमध्ये मॉडच्या वाटेत येणारी माणसं बहुधा लोभी नाहीतर उर्मट असतात. त्यामुळे ती माणसं मेली तरी वाचकाला काही टोचत नाही. अशा पुस्तकांनी खुनाचं कौतुक होतं, हा आक्षेप मला सरसकट मान्य नाही. खुनी माणसाच्या मनात शिरणं हे साहित्याचं जुनं काम आहे. ‘ही नुसती करमणूक आहे, तिला नीतीच्या तराजूत कशाला तोलायचं?’ असंही कुणी म्हणेल. पण वय झालं म्हणून खुनाला गंमत मानणं म्हणजे त्या बाईला पुन्हा एकदा न पाहणंच आहे. तिच्या हातून घडलेलंही मग आपण खरं धरत नाही.

कोरियन लेखिका गू ब्योंग-मो यांची 2013 सालची ‘पाग्वा’ ही कादंबरी मात्र ती चूक करत नाही. नावाचा एक अर्थ डागाळलेलं फळ. तिची 65 वर्षांची नायिका सुपारी घेऊन माणसं मारते आणि तिच्या धंद्यात खुनाला रोगनिवारण म्हणतात. आता हात पूर्वीसारखा चालत नाही, फ्रिजमध्ये विसरलेले पीच सडतात. जुना गुन्हाही माणूस होऊन समोर येतो. कधीकाळी मोलकरीण बनून ती ज्या घरात शिरली आणि जिथल्या बापाला तिने मारलं, त्या घरातला मुलगा आता तिच्याच धंद्यात आहे. 2025 मध्ये या कादंबरीवर चित्रपटही आला. मॉडच्या बळींसाठी रडणारं फारसं कुणी दिसत नाही. इथे बाप गेलेलं पोर आहे, आणि त्या पोरामुळेच ही कादंबरी मला मॉडच्या कथांपेक्षा मोठी वाटते.